धरमपेठ, साथ आणि खानेसुमारी

इ. स. 1901 च्या खानेसुमारीत नागपूर शहराची लोकसंख्या 1,27,734 नोंदली गेली; दहा वर्षांनी, 1911 साली, ती 1,01,415 इतकी उतरलेली दिसते, आणि 1921 साली पुन्हा 1,45,193 पर्यंत चढते. कापसाच्या पेठेने, एम्प्रेस मिलच्या चात्यांनी आणि आगगाडीच्या दळणवळणाने भरभराटीस आलेल्या शहराची वस्ती मधल्या एकाच गणनेत सव्वीस हजारांनी घटावी, याचे कारण असे की गणनेच्या त्या दिवसांत शहरात प्लेग होता आणि दाट गल्ल्यांतील सहस्रावधी माणसे घरांना कुलपे लावून गावाबाहेर निघून गेली होती. सरकारी तक्त्यातील एका शुष्क अंकात एका शहराचे भय इतक्या स्पष्टपणे उमटल्याचे दुसरे उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

प्लेगच्या अनुभवाने शहररचनेचा विचारच पालटला. मुंबईत 1898 साली सुधार विश्वस्त मंडळ स्थापन झाले. पॅट्रिक गेडिस यांनी 1915 साली नागपूर नगरपालिकेला आपला नगररचनेचा अहवाल सादर केला. आणि 1936 च्या कायद्यान्वये नागपूर सुधार प्रन्यास अस्तित्वात आला. सीताबर्डीच्या पश्चिमेस अंबाझरीच्या दिशेने पसरलेली धरमपेठ, शंकरनगर, रामनगर ही वस्ती या विचाराच्या काळात वाढली. सरळ रस्ते, घराभोवती आवार, आवारात कडुनिंब आणि दोन घरांच्या मधून खेळणारा वारा हे त्या रचनेतील आरोग्याचे विधान होते, आणि येथे राहावयास आलेल्या वकील, प्राध्यापक, कारकून मंडळींनी ते मनोभावे मान्य केले होते.

त्या मोकळ्या हवेच्या पेठेवर 2020 च्या मार्चमध्ये कोरोनाची नवी साथ आली. 11 मार्च रोजी नागपुरात पहिला रुग्ण आढळला. दोनच दिवसांनी राज्यात साथरोग कायदा लागू झाला, आणि तो कायदा होता 1897 चा, म्हणजे प्लेगच्याच दिवसांत केलेला. 25 मार्चला देशभर टाळेबंदी सुरू झाली त्या दिवशी गुढीपाडवा होता. प्लेगात माणसे घर सोडून मोकळ्यावर गेली होती. आता मोकळ्यावरून घरात कोंडली गेली, आणि पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत उलटी झाल्यामुळे आवाराच्या फाटकापलीकडील हवेविषयीही मनात संशय निर्माण झाला.

त्या संशयाचे स्वरूप नागपूरकरांखेरीज इतरांस सहसा उमगणार नाही. पाडवा झाला की येथे कूलर बाहेर निघतात, त्यांच्या जुन्या ताट्या काढून नव्या बसवल्या जातात, आणि पारा पंचेचाळिसाच्या पलीकडे जाणाऱ्या या गावात कूलरविना मे महिना काढणे म्हाताऱ्या माणसाच्या जिवावर बेतू शकते. ताट्या बसविणारा कारागीर येईना, आला तर त्याला घरात घ्यावे की नाही हे ठरेना, आणि त्याहून कठीण प्रश्न असा की कूलरच्या वाऱ्याने विषाणू खोलीभर पसरतो की काय. तज्ज्ञांनी एप्रिलमध्ये दिलेला सल्ला असा होता की कूलरने हवा बाहेरूनच ओढावी आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात. परंतु बाहेरच्या हवेलाच जो भ्यायला होता, त्याला हा सल्ला पचनी पडणे सोपे नव्हते. मुले पुण्या-बंगळूरला किंवा परदेशी, घरात दोघेच वृद्ध, अशा कित्येक घरांत ही चर्चा रोज रात्री फोनवर होत असे, आणि तिला मी क्षुल्लक मानीत नाही. मोठ्या संकटाचा निर्णय सामान्य माणसाला अशाच लहान प्रश्नांच्या रूपाने करावा लागतो.

पांढराबोडी आणि फुटाळ्याच्या वस्त्यांतून धरमपेठेत कामाला येणाऱ्या बायांपुढचा प्रश्न याहून मूलभूत होता: काम बंद असताना पगार मिळणार की नाही. काही घरांनी तो दिला, काहींनी दिला नाही, आणि माझ्या मते या पेठेच्या त्या वर्षाच्या इतिहासात याच्याइतकी महत्त्वाची दुसरी नोंद नाही.

ज्या विधींनी नागपूर आपली रोगराई आजवर वेशीबाहेर घालवीत आले, तेही त्या वर्षी थांबले. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी काळ्या-पिवळ्या मारबतींचे पुतळे गावभर मिरवून, रोग आणि खोकला घेऊन जाण्याचे त्यांना मोठ्याने सांगून, शेवटी त्यांचे दहन करण्याची रीत एकोणिसाव्या शतकापासून चालत आली आहे. प्रत्यक्ष साथ दारात असताना 2020 साली ती मिरवणूक निघू शकली नाही. जवळच्याच दीक्षाभूमीवरचा धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा मेळाही भरला नाही.

दुसरी लाट अधिक क्रूर होती. 15 मार्च 2021 पासून शहरात पुन्हा कडक निर्बंध लागले. एप्रिलमध्ये खाटेसाठी, इंजेक्शनसाठी, प्राणवायूसाठी माणसे रात्ररात्र फोन करीत राहिली, आणि 23 एप्रिलला विशाखापट्टणहून प्राणवायूचे टँकर घेऊन आगगाडी नागपुरात पोहोचली. अंबाझरी घाटावर आपल्या माणसाला निरोप द्यावयास चार जणही जाऊ शकले नाहीत, अशी घरे या पेठेत आहेत.

1911 ची खानेसुमारी प्लेगातही झाली, म्हणून त्या वेळचे भय आकड्यात उरले. 2021 ची खानेसुमारी कोरोनामुळे ठरल्या वेळी झालीच नाही, आणि म्हणून आपल्या भयाचा तसा तक्ता कोणत्याही सरकारी दप्तरात सापडणार नाही. धरमपेठेतील घरांत मात्र त्या दोन वर्षांचे पास, किराण्याच्या याद्या, औषधांच्या चिठ्ठ्या, लसीची प्रमाणपत्रे, आणि कोणी लिहिल्या असतील तर रोजनिश्या अजून असतील. वाचकांना माझी विनंती आहे की ती कागदपत्रे रद्दीत घालू नयेत. त्यांवर तारीख आणि पत्ता लिहून ती जपावीत, आणि घरी कामाला येणाऱ्या बाईंना त्या दिवसांची हकीकत विचारून तीही त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवावी.