साखर कारखान्याचा त्रास: काजळी, वास की पाणी? आधी कशाची तक्रार करावी

गाळप हंगाम सुरू झाला की कारखान्याजवळच्या गावांत तक्रारी वाढतात. अंगणात काजळी पडते, मळीचा वास येतो, ओढ्याचं पाणी काळं होतं. सगळं एकाच अर्जात कोंबलं की मोठा मुद्दा मागे पडतो. म्हणून आधी यादी करावी, मग क्रम लावावा.

यादी कशी करावी?

कारखान्याच्या प्रत्येक विभागातून बाहेर काय पडतं ते लिहावं.

• बॉयलर: बगॅस जळून होणारा धूर, राख, काजळी.
• गाळप विभाग: यंत्रं धुतलेलं पाणी, तेल, ग्रीस.
• डिस्टिलरी: मळीपासून अल्कोहोल काढल्यावर उरणारा तांबडा-काळा स्पेंटवॉश. १ लिटर अल्कोहोलमागे तो साधारण ८ ते १५ लिटर निघतो.
• रस्ता: ऊस वाहतुकीची धूळ आणि आवाज.

रोजच्या त्रासासोबत टाकी फुटणं, तळ्यातून पाझरणं असे अपघातही यादीत धरावेत.

क्रम कसा लावावा?

प्रत्येक मुद्द्याला चार प्रश्न विचारून १ ते ३ गुण द्यावेत: नुकसान किती मोठं? किती वेळा होतं? किती माणसं, जनावरं, विहिरी सापडतात? भरून यायला किती काळ लागतो?

समजा, काजळीला २, ३, ३, १ असे गुण मिळाले आणि स्पेंटवॉशच्या गळतीला ३, १, २, ३. बेरीज दोन्हीकडे ९ येते. तरी गळती वर ठेवावी. काजळी हंगामासोबत थांबते, पण विहिरीत उतरलेला स्पेंटवॉश वर्षानुवर्षं त्रास देऊ शकतो. नुकसान आणि भरपाईचा काळ या दोन्हींत ३ गुण असतील, तर बेरीज कमी असली तरी तो मुद्दा पहिला.

फरक आकड्यांतही दिसतो. पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते, त्याचं माप म्हणजे बीओडी. साखर कारखान्याला नदी-ओढ्यात पाणी सोडायचं तर बीओडीची मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम आहे. कच्च्या स्पेंटवॉशमध्ये तो ४० हजारांच्याही पुढे जातो. म्हणूनच थोडा स्पेंटवॉश ओढ्यात आला तरी मासे मरतात.

तक्रार करताना

• तारीख, वेळ, ठिकाण लिहावं, फोटो जोडावेत.
• पाणी वाहून जातं, त्यामुळे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयाला त्याच दिवशी कळवावं. नमुने ग्रामस्थांसमोर घ्यावेत, अशी लेखी मागणी करावी.
• संशयित पाणी जनावरांना पाजू नये.
• ग्रामपंचायतीचा ठराव जोडावा.
• कारखान्याचं संमतीपत्र आणि दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत द्यायचं पर्यावरण विवरणपत्र मंडळाकडून माहिती अधिकारात मागता येतं. किती पाणी, किती राख, ती कुठे टाकायची, हे त्यांत असतं. गावाची यादी त्याच्याशी ताडून पाहावी.