आवाजांची चाळणी

जळगाव-धुळ्याच्या जुन्या श्रोत्यांना आठवत असेल, १९७६ साली जळगाव आकाशवाणी सुरू झाली आणि पुढे ती ९६३ किलोहर्ट्झवर ऐकू येई. दिवसभर स्वच्छ येणाऱ्या कार्यक्रमात रात्री लांबच्या केंद्रांचे आवाज मिसळत. सूर्य मावळला की मध्यम लहरी आकाशातून परतून शेकडो मैलांवर उतरतात, त्याचा हा परिणाम.

ही सरमिसळ निवडण्याची युक्ती १९१८ च्या सुमारास एडविन आर्मस्ट्राँगने शोधली. कोणतेही केंद्र लावा, रेडिओ त्याला आत एकाच ठराविक वारंवारतेवर, बहुधा ४५५ किलोहर्ट्झवर, आणतो आणि तिथे चाळतो. ही चाळणी म्हणजेच फिल्टर.

हौशी रेडिओवाल्यांना, म्हणजे हॅम मंडळींना, चाळणी अधिक बारीक लागते. बोलण्यासाठी सुमारे २.४ किलोहर्ट्झ, मोर्सच्या कडकट्टसाठी ५०० हर्ट्झ. त्यांच्या ४० मीटर पट्ट्याला लागून, ७१०० किलोहर्ट्झच्या वर, आशियात २००९ पर्यंत बलाढ्य प्रसारण केंद्रे होती. चांगला फिल्टर नसेल तर रात्री तिथे बोलणे कठीण.

मग सर्वांत बारीक चाळणीच का घेऊ नये? जळगावचा दालमिलवाला सांगेल, भोके फार लहान ठेवली तर दाणाही कचऱ्याबरोबर वरच अडकतो. फिल्टर फार अरुंद केला की आवाज घुसमटतो आणि जरा बाजूला बोलणारा ऐकूच येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर हॅम मंडळींनी निरोप पोचवले. अशा वेळी अंधूक हाकही मोलाची असते. म्हणून संचात दोन्ही फिल्टर असावेत: आधी रुंदावर कान द्यावा, हाक सापडली की अरुंद लावावा.