शंभराचे बाराशे: एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरची गोष्ट

आजचा भाग सुरू होतो आमच्या मानवतच्या मामांपासून. कापसाच्या पट्टीचे पैसे आले, त्यातले थोडे मामांनी एका कंपनीच्या शेअरमध्ये टाकले. एक दिवस सकाळी मोबाईल उघडतात तर काय, भाव निम्मा! घाबरून सगळे शेअर विकले आणि मामीला पंधरा दिवस काही सांगितलंच नाही. मग एक दिवस खात्यात तितकेच शेअर परत दिसले. कंपनीने एकास एक बोनस दिला होता. भाव निम्मा झाला, पण शेअर दुप्पट होणार होते. ते जमा व्हायला काही दिवस लागतात, एवढंच मामांना माहीत नव्हतं.

मामांमुळे मला आठवली इंट्यूट. 1983 मध्ये स्कॉट कुक आणि टॉम प्रू या दोघांनी अमेरिकेत ही कंपनी काढली. कुकची बायको घरातली बिलं भरण्याच्या कटकटीला वैतागली होती, त्यातून त्याला कल्पना सुचली. त्यातून आलं 'क्विकन', म्हणजे घरखर्चाची वही, फक्त कॉम्प्युटरवर.

मार्च 1993 मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. शेअर 20 डॉलरला. समजा कुणी तेव्हा 100 शेअर घेतले, म्हणजे 2,000 डॉलर घातले. आता त्याच्या मागे मागे चालू या.

1993 संपता संपता इंट्यूटने चिपसॉफ्ट ही कंपनी आपल्यात घेतली. 'टर्बोटॅक्स' हे कर भरायचं सॉफ्टवेअर तिचं. ऑक्टोबर 1994 मध्ये मायक्रोसॉफ्टने सुमारे दीड अब्ज डॉलरला अख्खी इंट्यूट मागितली. सौदा ठरलाही. पण बाजारात स्पर्धाच उरणार नाही म्हणून अमेरिकन सरकार कोर्टात गेलं आणि मे 1995 मध्ये मायक्रोसॉफ्टने माघार घेतली. सौद्याच्या आशेवर शेअर घेणाऱ्यांचं तोंड उतरलं असणार.

त्याच वर्षी शेअरचे दोन तुकडे झाले. 1999 मध्ये एकाचे तीन, 2006 मध्ये पुन्हा एकाचे दोन. दोन गुणिले तीन गुणिले दोन, म्हणजे बारा. शंभराचे बाराशे झाले. एका शेअरची मूळ किंमत 20 डॉलर नाही, तर 1 डॉलर 67 सेंट धरायची. जुन्या वहीत 20 लिहून ठेवून आजच्या भावाशी तुलना केली, तर हिशोब बारापट चुकतो. 2024 मध्ये हा शेअर 600 डॉलरच्या वर गेला होता. त्या भावाने बाराशे शेअर म्हणजे 7 लाख 20 हजार डॉलर.

पण खरी मेख पुढे आहे. 2016 मध्ये इंट्यूटने क्विकनच विकून टाकलं! ज्या सॉफ्टवेअरसाठी शेअर घेतला, ते कंपनीत उरलंच नाही. पैसा येत होता टर्बोटॅक्समधून आणि दुकानदारांच्या 'क्विकबुक्स'मधून. म्हणजे नुसता भाव बघून भागत नाही, धंदा कुठला उरलाय तेही बघावं लागतं.

आणि प्रत्येक गोष्ट अशी गोड होत नाही, बरं का. नोव्हेंबर 2021 मध्ये पेटीएमचा शेअर 2,150 रुपयांना विकला गेला आणि पहिल्याच दिवशी 1,950 ला उघडून आणखी खाली गेला. तिथे ना तुकडे, ना बोनस. भाव खरोखरच पडला होता. पडलेला भाव आणि वाटला गेलेला भाव, यातला फरक ओळखता आला पाहिजे.

आपल्याकडे गमतीने म्हणतात, जगात जर्मनी, भारतात परभणी. मामांनी आता वहीत चार रकाने आखलेत: तारीख, नग, भाव आणि चौथा, 'बोनस किंवा तुकडे'. आणि ती वही आता मामीही बघतात. चला, भेटू पुढच्या भागात.