साथीतले पाळणाघर आणि बदलीची माणसे

साथीच्या काळात पाळणाघर कसे चालवावे याची चर्चा बहुधा एकाच प्रश्नापाशी अडते: आजारी मूल आत घ्यायचे की परत पाठवायचे? माझ्या मते हा प्रश्न दुय्यम आहे. सांभाळणाऱ्यांपैकी एकदोघी आजारी पडल्या तर काम चालेल का, यावर पाळणाघर तग धरेल की नाही हे ठरते. हे तपासायला नेदरलँड्समधले वाखनिंगन योग्य ठिकाण आहे. शेती आणि अन्नशास्त्राच्या विद्यापीठाभोवती वाढलेल्या या गावात भारतातून आलेली संशोधक कुटुंबे राहतात आणि त्यांच्या हाताशी आजी-आजोबा नसतात. मार्च 2020 मध्ये विमाने थांबल्यावर तर पाळणाघराला पर्यायच उरला नाही.

आधी नेहमीची स्थिती पाहू. लहान मुलाला वर्षात सहा ते आठ वेळा सर्दी होणे स्वाभाविक असते आणि पाळणाघराच्या पहिल्या वर्षात ती आणखी वारंवार होते. सगळा आजार दाराबाहेर ठेवायचा म्हटले तर पाळणाघर चालणारच नाही. म्हणून डच सार्वजनिक आरोग्य संस्थेचे, म्हणजे आर.आय.व्ही.एम.चे, मार्गदर्शन प्रत्येक आजाराबाबत विचारते की मुलाला घरी ठेवल्याने प्रसार खरोखर थांबतो का. कांजण्या आलेले मूल बरे वाटत असेल तर पाळणाघरात येऊ शकते, हे ऐकून मराठी आईबाप दचकतात. पण कांजण्यांचा संसर्ग पुरळ दिसण्याच्या एकदोन दिवस आधीच सुरू होतो. पुरळ दिसल्यावर दार बंद करणे म्हणजे उशिराचा उपाय. त्याच वेळी, एका गटात नेहमीपेक्षा जास्त मुले आजारी पडली तर स्थानिक आरोग्य सेवेला कळवणे केंद्रावर कायद्याने बंधनकारक आहे.

कोविडने ही घडी विस्कटली, कारण हा आजार मुलांना बहुधा सौम्य आणि मोठ्यांना धोक्याचा होता. 16 मार्च 2020 पासून केंद्रे बंद झाली. आरोग्यसेवा, शिक्षण, अन्नपुरवठा अशा अत्यावश्यक कामांतल्या पालकांच्या मुलांसाठी मात्र आपत्कालीन सोय चालू राहिली. 11 मे रोजी दारे उघडली, 16 डिसेंबरला पुन्हा मिटली आणि चार वर्षांखालच्यांसाठी 8 फेब्रुवारी 2021 ला परत उघडली. या काळात पालकांना शुल्क भरत राहायला सांगून त्यांचा वाटा सरकारने परत दिला. हा निर्णय मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. पैसा आटला असता तर केंद्रांनी माणसे कमी केली असती, आणि गेलेली प्रशिक्षित माणसे सहज परत मिळत नाहीत.

सप्टेंबर 2020 मध्ये चाचण्या अपुऱ्या पडल्या. तेव्हा ताप नसलेली साधी सर्दी असलेल्या बारा वर्षांखालच्या मुलांना येऊ देण्याची सवलत मिळाली. तसे केले नसते तर शरद ऋतूत निम्मी मुले घरी आणि त्यांच्यामागे पालकही घरी, अशी गत झाली असती. पुढे विषाणूचा जास्त पसरणारा प्रकार आल्यावर नियम पुन्हा आवळले गेले.

खरी कसोटी मनुष्यबळाची होती. डच नियमानुसार वर्षाच्या आतल्या तीन बाळांमागे एक प्रशिक्षित व्यक्ती लागते, दोन-तीन वर्षांच्या आठ मुलांमागे एक. शिवाय 2018 च्या नियमांनी बाळांजवळ ओळखीच्या, ठरावीक व्यक्तींपैकी एक जण तरी असावीच असे बंधन घातले. गट स्थिर राहिल्याने साथीत याचा फायदा झाला. संसर्ग एका खोलीत अडवता आला. पण तीच व्यवस्था बदली माणूस मिळवताना आडवी येते. शेजारच्या गटातली ताई आणली तर गट मिसळतात, न आणली तर प्रमाण मोडते आणि खोली बंद करावी लागते. ओमायक्रॉनच्या लाटेत नेमके हेच घडले. मुले धडधाकट असूनही, सांभाळायला माणूस नाही म्हणून गट बंद ठेवावे लागले.

मुलांच्या प्रतिकारशक्तीचाही हिशेब आहे. 2020–21 च्या हिवाळ्यात बाळांची छाती भरणाऱ्या आर.एस.व्ही. विषाणूची साथ नेदरलँड्समध्ये आलीच नाही. ती 2021 च्या उन्हाळ्यात, अवेळी, उसळली. टळलेला संसर्ग पुढे ढकलला गेला होता. म्हणजे निर्बंध उठताना केंद्रात जास्त माणसे हवीत, कमी नव्हे.

महाराष्ट्रात या दृष्टीने पाहिले की वाईट वाटते. अंगणवाडीत एक सेविका, एक मदतनीस. साथीत त्याच सेविकेला घरोघरच्या सर्वेक्षणालाही जुंपले गेले. तिथे बदलीची सोयच नव्हती, म्हणून बंद ठेवण्याखेरीज मार्ग नव्हता. मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीनंतर पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक आहे. ती उभारताना खोली आणि खेळणी यांच्याआधी बदली माणसाच्या पगाराची तरतूद करावी. आणि मुलाचे नाव घालताना पालकांनी एवढे जरूर विचारावे: इथली ताई उद्या तापाने घरी राहिली, तर माझ्या बाळाला कोण सांभाळेल?