दुर्बीण, डोंगर आणि बंदुकीचे वजन

दुर्बीण हा शब्द फारसी आहे. दूर अधिक बीन, म्हणजे लांबचे पाहणारी. शिकार फारसी, निशाणही फारसी, आणि बंदूक आपल्याकडे अरबी-फारसीच्या वाटेने आली. डोंगरात रानमेंढ्याच्या मागावर निघालेल्या माणसाचे निम्मे सामान मराठीत आजही फारसी नावानेच ओळखले जाते. गंमत अशी की ही दुर्बीण बंदुकीच्या पाठीवर चढवण्याचा इतिहास मात्र व्हिएन्ना, येना, टेक्सास आणि ऑरेगॉन अशा ठिकाणी घडला. कोणती दुर्बीण चढवायची, किती वजनाची, किती पटीची, या साध्या वाटणाऱ्या प्रश्नावर शिकाऱ्यांच्या दोन-तीन पिढ्या भांडल्या आहेत. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा विषय मिटवला, त्यामुळे इथे कुणाला खरेदीचा सल्ला द्यायचा नाही. पण या भांडणात नेमके काय पणाला लागले होते, ते समजून घेण्यासारखे आहे.

एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश अधिकारी रजा काढून काश्मीर, अस्तोर, बाल्टिस्तान आणि लडाखच्या डोंगरात मारखोर, आयबेक्स आणि रानमेंढ्यांच्या मागे जात. अलेक्झांडर किनलॉकचे तिबेट आणि वायव्येकडील शिकारीवरचे पुस्तक १८६९ साली आले. या शिकारीत दुर्बीण होतीच, पण बंदुकीवर नव्हती. नळकांडी उघडत जाणारी पितळी दुर्बीण घेऊन स्थानिक काश्मिरी किंवा बाल्टी शिकारी तासन्तास समोरचा कडा न्याहाळत बसे. साहेबांच्या पुस्तकांत श्रेय साहेबांना मिळते, पण जनावर शोधण्याचे, वारा ओळखण्याचे आणि ओढ्याच्या आडोशाने वर न्यायचे काम या माणसाचे असे. बंदुकीवर फक्त मागची खाच आणि नळीच्या टोकावरची माशी. अशा साधनाने शंभर-दोनशे यार्डांपलीकडे भरवसा नसतो. म्हणून जवळ जावेच लागे. ध्रुवाकडच्या युकॉन प्रदेशात रानमेंढ्यांचा अभ्यास आणि शिकार करणारा अमेरिकन चार्ल्स शेल्डन हाही याच पिढीचा. .२५६ मॅनलिकरसारखी हलकी रायफल घेऊन तो एकटा डोंगर पालथे घाली. पुढे १९१७ साली अलास्कात माउंट मॅकिन्ली राष्ट्रीय उद्यान झाले, त्यामागे याच शिकाऱ्याचा पाठपुरावा होता.

बंदुकीवर दुर्बीण नियमाने बसवली ती आल्प्सच्या आसपासच्या लोकांनी. व्हिएन्नात काल्हेसची कंपनी १८९८ साली सुरू झाली, येनात त्साइस, बर्लिनमध्ये गोर्ट्स. शॅमॉय हा डोंगरी प्राणी लहान आणि कमालीचा सावध, शिवाय उजेड जाता जाता बाहेर येणारा. तिथे काचेचा उपयोग लगेच पटला. या दुर्बिणी पोलादी नळीच्या, जड, आणि बंदुकीवर उंच बसवलेल्या असत. नेम धरताना गाल दस्त्यावर टेकत नसे.

मग युद्ध आले. १९१४च्या अखेरीस जर्मनीत ड्यूक ऑफ रातिबोरने आवाहन केले की शिकाऱ्यांनी आपल्या दुर्बिणीच्या रायफली आघाडीसाठी द्याव्यात. हजारो रायफली गोळा झाल्या. समोर इंग्रजांकडे तशी काच पुरेशी नव्हती. त्यांनी लॉर्ड लोव्हॅटने उभारलेल्या लोव्हॅट स्काउट्समधले स्कॉटिश डोंगराळ भागातले हरिणांचे माग काढणारे लोक आणले. त्यांच्या हातात तीच लांब नळकांड्याची दुर्बीण, पाहण्यासाठी. डोंगरातले साधन खंदकात गेले ते असे. त्याची परतफेड पुढे कशी झाली ते नंतर येईल.

अमेरिकेत बिल वीव्हर नावाच्या तरुणाने १९३० साली ३-३० नावाची साधी दुर्बीण बाजारात आणली. बैठकीसह किंमत १९ डॉलर. तोवर दुर्बीण ही पैसेवाल्याची चैन होती. त्याआधी पाच वर्षे, १९२५ साली, विंचेस्टरने .२७० हे काडतूस काढले होते. १३० ग्रेनची, म्हणजे साडेआठ ग्रॅमच्या आतबाहेरची गोळी, सेकंदाला ३,००० फुटांहून अधिक वेगाने. या दोन गोष्टी एकत्र आल्या आणि जॅक ओ'कॉनरसारखा लेखक त्यांना मिळाला. ॲरिझोनात जन्मलेला, कादंबऱ्या लिहिणारा, विद्यापीठात शिकवणारा हा माणूस पुढे ‘आउटडोअर लाइफ’ मासिकाचा बंदुकीविषयीचा संपादक झाला आणि १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत डोंगरी शिकारीवर लिहीत राहिला. त्याची आवडती रायफल विंचेस्टर मॉडेल ७०ची हलकी आवृत्ती, दस्ता स्पोकेनच्या अल बीसेनने घडवलेला, वर ल्युपोल्डची चार पटीची ‘माउंटेनिअर’ दुर्बीण. दुर्बिणीसकट वजन सुमारे आठ पौंड, म्हणजे ३.६ किलो.

चारच पट का? पैसे नव्हते म्हणून नव्हे. त्यामागे हिशेब होता, आणि तो मला आजच्या बहुतेक जाहिरातींपेक्षा शहाणा वाटतो.

पहिला हिशेब उजेडाचा. दुर्बिणीच्या पुढच्या काचेचा व्यास भागिले पट, म्हणजे डोळ्यापाशी येणाऱ्या उजेडाच्या ठिपक्याचा व्यास. ३२ मिलिमीटरची काच आणि चार पट, तर ठिपका ८ मिलिमीटरचा. माणसाची बाहुली तरुणपणी अंधारात फार तर सात मिलिमीटर उघडते, वयाबरोबर कमी. म्हणजे छोटी काचही संध्याकाळी डोळ्याला पुरून उरते. पट दहा केली की त्याच उजेडासाठी काच अडीचपट रुंद हवी. रुंद काच म्हणजे वजन, आणि ती नळीला लागू नये म्हणून उंच बैठक. उंच बैठक म्हणजे पुन्हा गाल दस्त्यावरून सुटला.

दुसरा हिशेब पाहण्याच्या रुंदीचा. चार पटीत शंभर मीटरवर साधारण आठ-दहा मीटरचा पट्टा दिसतो. धाप लागलेली, दगडावर कशीबशी टेकलेली रायफल, आणि समोर एकसारख्या रंगाच्या सहा मेंढ्या. त्यातला हवा तो नर क्षणात सापडायला ही रुंदी लागते. पंचवीस पटीत पट्टा उरतो दीड मीटरचा, आणि स्वतःच्या हृदयाचा ठोकाही फुलीच्या तारांत दिसतो.

तिसरा हिशेब गोळीच्या वाटेचा. ओ'कॉनर सांगे की .२७० शंभर यार्डांवर तीन इंच वर लागेल अशी बसवा. मग ती दोनशेवर सुमारे चार इंच वर, पावणेतीनशेच्या आसपास बरोबर नेमावर आणि तीनशेवर थोडी खाली लागते. मेंढ्याच्या छातीतली मर्माची जागा आठ-दहा इंचांची. म्हणजे तीनशे यार्डांपर्यंत मधोमध नेम धरायचा आणि चाप ओढायचा. चकत्या फिरवणे नको, आकडेमोड नको. हे गणित जिथे संपते तिथे शिकाऱ्याने थांबायचे किंवा पुढे सरकायचे.

हलक्या रायफलीची आणखी एक अडचण असते. वजन कमी तितका धक्का जास्त. डोळा आणि काच यांत नऊ-दहा सेंटिमीटर अंतर नसेल, तर दुर्बिणीची कडा भुवईवर बसते. पालथे पडून चढावर नेम धरताना हे अंतर नकळत घटते. डोंगरी शिकाऱ्यांच्या भुवईवरचा चंद्रकोरी व्रण हा या विषयातला सर्वात स्वस्त धडा म्हणावा लागेल. उताराचे गणितही नवख्याला फसवते. गुरुत्वाकर्षण आडव्या अंतरापुरतेच गोळीला खाली खेचते. तीस अंशांच्या कड्यावर चारशे मीटर दिसणारे जनावर गोळीच्या हिशेबात ३४६ मीटरवर असते. वर असो वा खाली, चारशेचा नेम धरला तर गोळी पाठीवरून जाते.

जुन्या दुर्बिणींचा खरा शत्रू मात्र ओल. थंड कड्यावरून तंबूत, तंबूतून पुन्हा बाहेर, की आतून धुके धरलेच. मार्कस ल्युपोल्डचे एक हरीण अशाच धुरकटलेल्या काचेमुळे गेले असे सांगतात. त्याच्या कंपनीने १९४७ साली आत नायट्रोजन भरून बंद केलेली दुर्बीण आणली. माझ्या मते पट वाढवण्याच्या सगळ्या शोधांपेक्षा हा शोध डोंगरात जास्त कामाचा ठरला.

१९५०च्या दशकात ओ'कॉनर इराणच्या डोंगरातही गेला. तिथे शाहचा भाऊ अब्दुर्रझा पहलवी हा नावाजलेला डोंगरी शिकारी होता. ज्या भाषेने आपल्याला शिकार आणि दुर्बीण हे शब्द दिले, तिच्याच मुलखात शिकारी आणि रक्षण करणारे एकाच वर्तुळातले होते. इस्कंदर फिरूझही शिकारीच. त्यांच्याच पुढाकाराने २ फेब्रुवारी १९७१ रोजी रामसर येथे पाणथळ जागांचा आंतरराष्ट्रीय करार झाला. क्रांतीनंतर त्यांना तुरुंगवास भोगावा लागला.

आता परतफेड. गेल्या काही दशकांत सैन्यातल्या नेमबाजांची दुर्बीण डोंगरात आली. श्मिट अँड बेंडरची ५ ते २५ पटीची, ५६ मिलिमीटर काचेची दुर्बीण एकटीच सुमारे १.१ किलोची आहे. अडीच-तीन किलोच्या हलक्या रायफलीवर ती बसवणे म्हणजे घोडा हलका घेऊन खोगीर लोखंडाचे घालणे. सोबत लेझरने अंतर मोजायचे यंत्र आणि नेम वर-खाली करणारी चकती. सहाशे मीटरवरचा नेम शक्य झाला खरा. पण तिथे गोळी पोहोचायला पाऊण सेकंदाहून अधिक लागतो, आणि तेवढ्यात चरणारा मेंढा एक पाऊल टाकतो. छाती हुकून पोटात लागते. जखमी जनावर कड्याच्या अशा कपारीत जाते जिथे माणूस जाऊ शकत नाही. १८८७ सालच्या बून अँड क्रॉकेट क्लबने अशा लांबच्या गोळीबाराविरुद्ध भूमिका घेतली आहे, आणि ते शिकारविरोधी लोक नाहीत.

किनलॉकच्या काळातल्या मारखोर-मुलखात, आजच्या पाकिस्तानात, मोजके परवाने लाखो डॉलरना जातात आणि त्यातले ८० टक्के गावकऱ्यांना मिळतात. २०१५ साली मारखोर ‘संकटग्रस्त’ यादीतून दोन पायऱ्या सावरला, त्यात अशा गावांच्या राखणीचा वाटा आहे. या व्यवस्थेबद्दल मतभेद असू शकतात. पण जिथे एकेक नर मोजलेला आहे, तिथे जखमी होऊन हरवलेला मारखोर कागदावरही सहज लपत नाही.

अशा हलक्या रायफलीसाठी आजही माझे मत जुन्यांच्या बाजूने पडते. अडीच ते आठ किंवा तीन ते नऊ पटीची, साडेतीनशे ग्रॅमच्या आसपासची दुर्बीण, खाली घट्ट बसवलेली. एकच ठरावीक पट हवी असेल तर चार किंवा सहा. जास्त पट हवी असते ती शिंगे मोजायला, आणि त्यासाठी गळ्यात वेगळी दुर्बीण असतेच. भरलेली रायफल रोखून समोर काय आहे ते पाहणे कधीच बरे नाही. दूरच्या कड्यावर हललेला ठिपका मेंढपाळाचाही असू शकतो. बाल्टी शिकाऱ्याची दुर्बीण त्याच्या हातातच असे, बंदूक पाठीला.