कोकणी मुसलमान : चार पिढ्यांचे स्थलांतर



ज्या घरातले कोणीच परगावी नाही, असे कोकणी मुसलमानाचे घर शोधूनही क्वचितच सापडेल. आपला माणूस दर्यावर्दी, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु माणूस बाहेर जाणे निराळे आणि घर बाहेर जाणे निराळे. आपल्या पिढ्यापिढ्यांचा इतिहास या फरकात आहे.

दाभोळ, बाणकोट, जयगड या बंदरांतले आपले पूर्वज स्वतःच्या गलबतांचे नाखवे होते. मुंबई वाढू लागली तशी त्यांनी तेथे पेढ्या थाटल्या. १८०२ साली पूर्ण झालेल्या मुंबईच्या जामा मशिदीमागे त्यांचाच पैसा होता. नाखुदा महंमद अली रोगे हे तर चीनच्या व्यापारात जमशेटजी जीजीभाईंचे भागीदार होते. पुढे आगबोटी आल्या, शिडाची गलबते मागे पडली आणि नाखव्यांच्या वंशजांना पी. अँड ओ.सारख्या परक्या कंपन्यांच्या बोटींवर खलाशी, टिंडेल व सारंग म्हणून चाकरी पत्करावी लागली. सफर संपली की माणूस गावी येई. मुंबईत गावच्या जमातीची खोली असे. तेथे एक पेटी आणि वळकटी एवढाच त्याचा संसार. शेत, गुरे, मुले आणि देणेघेणे हे सारे गावी बाईमाणसाच्या शिरावर असे. घर जागचे हलले नाही, कारण तिने ते धरून ठेवले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून काही मंडळी दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला गेली व लहानसहान धंद्यांत स्थिरावली. त्यांचीही बायकामुले बहुधा गावीच असत. १९१३च्या कायद्याने नव्या हिंदी माणसाला तेथे जवळजवळ दार बंद झाले. १९५३च्या दुरुस्तीने भारतातून बायको नेण्याची वाटही बुजवली. ज्यांची कुटुंबे आधीच तेथे पोचली होती, ती तिथलीच झाली. जाणे-राहणे मनाने ठरते असे आपण समजतो; येथे ते कायद्याने ठरवले.

१९७३ साली खनिज तेलाच्या किमती भडकल्या आणि आखातात कामाला माणसे हवीशी झाली. पुन्हा माणूस गेला, घर राहिले. कारण ठरावीक पगाराखाली कुटुंबाचा व्हिसा मिळत नसे. पैशाने कौलारू घरांच्या जागी स्लॅबची घरे उभी राहिली, मुले हायस्कुलात गेली. ही कमाई किती नाजूक आहे ते ऑगस्ट १९९०मध्ये कळले. इराकने कुवेत घेतला आणि एक लाखाहून अधिक भारतीयांना विमानांनी मायदेशी आणावे लागले. ज्यांना बरा पगार होता त्यांनी बायकामुले नेली खरी; पण जुलै २०१७पासून सौदी सरकारने प्रत्येक आश्रितामागे दरमहा शंभर रियाल कर बसवला. २०२०पर्यंत तो चारशेवर गेला. पुष्कळांना कुटुंब परत पाठवावे लागले.

परतलेले कुटुंब कोठे उतरते, हे पाहा. गावी नव्हे, जेथे चांगली शाळा व कॉलेज आहे अशा शहरी वस्तीत. जी स्त्री पूर्वी घर धरून बसे, तीच आज मुलांच्या, विशेषतः मुलींच्या शिक्षणासाठी घराला कुलूप लावते. तिला दोष देता येणार नाही. तिची आजी शेतासाठी थांबली, ती शाळेसाठी निघाली. दोघींनीही मुलांचेच पाहिले.

पालकहो, परक्या देशाचे कायदे व तेलाचे भाव आपल्या हाती नाहीत. गावची शाळा मात्र आहे. तेथे विज्ञानाचे शिक्षक टिकतील आणि मुलीला बारावीपर्यंत घरून जाता येईल, तर काही कुलपे तरी लागणार नाहीत.

विद्यार्थी मित्रांनो, घरातली जुनी पारपत्रे, बोटीवरच्या चाकरीची पुस्तके, मनीऑर्डरीच्या पावत्या जपून ठेवा. आणि बाहेर गेलेल्या आजोबांइतकेच मागे राहिलेल्या आजीलाही विचारा. तिचा इतिहास अजून कोणी लिहिलेला नाही.