पॅनोरमच्या काचेआडची मैफल

शिकागोच्या मिल्स नॉव्हेल्टी कंपनीने १९४० साली ‘पॅनोरम’ नावाचे जे माणसाहून उंच लाकडी कपाट बाजारात आणले, ते मद्यगृहांत आणि बसस्थानकांत दाखल होताच, नाणे टाकून नुसते गाणे ऐकण्याची सवय जडलेल्या अमेरिकन गिऱ्हाइकाला गाणारा प्रत्यक्ष पाहण्याचीही सोय झाली. कपाटाच्या पोटात सोळा मिलिमीटरचा प्रक्षेपक असे आणि आरशांवरून परावर्तित झालेले चित्र काचेच्या पडद्यावर मागील बाजूने पडे. दहा सेंट टाकले की सुमारे तीन मिनिटांची एक ‘साउंडी’ दिसे. पण आठ साउंडी एकाच अखंड फितीवर जोडलेल्या असल्याने निवडीची मुभा नव्हती, पुढे जी येईल ती बिनतक्रार पाहावी लागे. आरशांत प्रतिमा फिरते म्हणून या फिती मुळातच उलट्या छापत. अशी प्रत साध्या प्रक्षेपकावर चढवली, तर शीर्षकाची अक्षरे उलटतात आणि ट्रम्पेटवादक डावखुरा होतो.

ध्वनिमुद्रण आधी आणि चित्रीकरण मागाहून, अशी काटकसरीची तजवीज होती. म्हणजे ड्यूक एलिंग्टनचे वादक पडद्यावर स्वतःच्याच वादनाबरहुकूम बोटे हलवीत असत. १९४२ च्या ऑगस्टपासून वादकसंघाने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला, युद्धामुळे नव्या यंत्रांची निर्मितीही थांबली, आणि १९४७ उजाडेपर्यंत हा व्यवसाय आटोपला होता. तोवर अठराशेहून अधिक साउंडी तयार झाल्या होत्या.

त्यांपैकी तीनशेहून अधिक साउंडींत कृष्णवर्णीय कलावंत आहेत, आणि माझ्या मते या साऱ्या उद्योगाचे चिरंतन मोल तिथेच आहे. हॉलिवूडच्या मोठ्या चित्रपटांत त्यांचे गाणे कथानकापासून अलग ठेवीत, म्हणजे दक्षिणेकडील चित्रगृहांना ते बिनदिक्कत कापून टाकता येई. साउंडीत गाणे हेच सर्वस्व असल्याने कात्रीला जागाच उरत नसे. बूटपॉलिशवाल्याच्या ठरीव सोंगाचा अपमान इथेही सुटला नव्हता, हे विसरता कामा नये. तरीही १९४३ च्या डिसेंबरात निवर्तलेल्या फॅट्स वॉलरच्या भुवयांची ती मिस्कील हालचाल, किंवा लकी मिलिंडरच्या वाद्यवृंदापुढे गिटार घेऊन उभी राहिलेली सिस्टर रोझेटा थार्प, ही दृश्ये पाहिली की केवळ तबकडीवर विसंबणाऱ्याला या संगीताची किती बाजू अज्ञात राहते, ते कळते.

नृत्याच्या बाबतीत तर तबकडी सर्वस्वी मुकीच. ‘हॉट चॉकलेट’ या एलिंग्टनच्या साउंडीत बेन वेबस्टरचा सॅक्सोफोन घुमतो न घुमतो, तोच हार्लेममधील सॅव्हॉय नृत्यगृहात घडलेले व्हाइटीज लिंडी हॉपर्स जोडीजोडीने पुढे सरसावतात. नर्तकी जोडीदाराच्या पाठीवरून, खांद्यावरून भिरकावली जाते आणि ठोक्याचा अंशही न चुकवता जमिनीवर उतरते. अशा हवाई पदन्यासांचा पायंडा पाडणारे फ्रँकी मॅनिंग या मंडळींचे अग्रणी होते. स्विंगची लाट ओसरल्यावर त्यांनी टपालखात्यात नोकरी धरली आणि सुमारे तीस वर्षे ती केली. १९५८ मध्ये सॅव्हॉयही बंद झाले. पुढे १९८० नंतरच्या दशकात, जुन्या नृत्यचित्रफिती पुनःपुन्हा पाहून पावले गिरवणाऱ्या स्वीडिश तरुणांनी न्यूयॉर्क गाठून या पिढीतील हयात नर्तकांचा शोध घेतला. मॅनिंग पुन्हा शिकवू लागले, आणि नव्वदी ओलांडल्यावरही देशोदेशीच्या शिष्यांना धडे देत राहिले.